पाऊस, पान्हा आणि भीती

मृगाचा पहिला दांडगा पाऊस पडून ओढे-वहाळ गढूळ पाण्याने भरून वाहू लागले, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत माणसे रातोरात बॅटऱ्या घेऊन शेताच्या बांधांवर उतरतात. वलगणीचे मासे चढू लागलेले असतात. भातसा, काळू, शाई, बारवी या नद्यांच्या डोहांत आणि धरणांच्या फुगवट्यात वर्षभर राहिलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, वहाळातून थेट भाताच्या खाचरात. पाणी वीतभरही नसते, पाठ उघडी पडते, तरी मासा अंग झटकत पुढे सरकतो. समोर जाळे असते, बॅटरीचा झोत असतो, माणसांचा गलका असतो. एरवी काठावर नुसती सावली हलली तरी खोल पाण्यात पसार होणारा हाच मासा त्या रात्री कशाचीच पर्वा करत नाही. मादी हाती लागली तर तिचे पोट गाभोळीने टच्च भरलेले असते.

एका रात्रीत असे काय बदलले? मासा तोच, ओढाही तोच. बदलले ते पाण्याचे तापमान, त्याचा गढूळपणा आणि वेग. हे बदल माशाच्या मेंदूपर्यंत पोचले, मेंदूने आपल्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला इशारा दिला, ग्रंथीने रक्तात एक रसायन सोडले आणि त्या रसायनाने अंडाशयाला शेवटची तयारी करायला लावली. शरीरातल्या एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दूरवर जाणाऱ्या आणि तिथले काम बदलणाऱ्या अशा रसायनांना संप्रेरके म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्यांचे नाव हार्मोन्स. बाहेरचा पाऊस आणि माशाचे धाडस यांच्या मधला दुवा ती सांभाळतात. पुढच्या प्रकरणांचा विषय हाच दुवा आहे : माशात, बेडकात, गुराढोरांत आणि माणसांत.

हा दुवा किती नेमका आहे, हे भारतातच एका प्रयोगाने लख्ख दाखवून दिले. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, त्यांच्या पोटात अंडीही तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. पुराच्या पाण्याचा इशाराच त्यांना मिळत नाही आणि गाडी शेवटच्या टप्प्यावर अडते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी दुसऱ्या माशांच्या पीयूषिकेचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालायला लावली. पूर नव्हता, नदी नव्हती, फक्त ग्रंथीचा अर्क होता. आणि माशांनी पुरात करतात तसाच पाठलाग केला, तशीच अंडी सोडली. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. गावतळ्यात सोडायला जे मत्स्यबीज डब्यांतून येते, त्यामागे हा प्रयोग आहे.

पहिल्या पावसाची वर्दी मिळणारे मासे एकटे नसतात. वर्षातले आठ महिने मातीखाली दडून राहिलेला मोठा बेडूक बाहेर पडतो आणि काही तासांत त्याचा मळकट हिरवा नर लिंबासारखा पिवळा दिसू लागतो, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात आणि खाचर रात्रभर दुमदुमते. शिंदीच्या झाडांवर सुगरणीच्या नरांचे डोके पिवळे होते आणि घरट्यांची वीण सुरू होते. सुगरणीच्या या संसाराचा बारकाईने अभ्यास सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी केला. नर अर्धवट घरटे विणून लटकतो आणि पंख फडफडवतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने घर पसंत केले की ते पुरे होते, आणि तिने अंडी घातली की नर पुढचे घर विणायला घेतो, पुढच्या मादीसाठी. हे सगळे ऋतूशी इतके घट्ट बांधलेले आहे की पाऊस ओसरल्यावर हाच नर चिमणीसारख्या करड्या रंगात, घरट्याकडे ढुंकून न पाहता थव्यात मिसळतो.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे. नराचा रंग म्हटला की कुणालाही वृषणातले टेस्टोस्टेरॉन आठवते. पण विणकर कुळातल्या काही पक्ष्यांवरच्या प्रयोगांत वृषण काढून टाकलेल्या नरांनाही हंगामाचा रंग चढला, कारण तो रंग पीयूषिकेच्या हुकमावर चालत होता. एका संप्रेरकाला एकच काम चिकटवून मोकळे होता येत नाही, हा धडा या विषयात पावलोपावली मिळतो.

संप्रेरकाचे काम दवंडीसारखे चालते. दवंडी साऱ्या गावात फिरते, पण ज्याच्या कामाची असेल तोच उठतो. संप्रेरक रक्तातून शरीरभर फिरते. ज्या पेशींवर त्याला ओळखणारे ग्राही असतात त्याच पेशी हालचाल करतात. म्हणून रक्तात संप्रेरक किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला. ते ऐकणारे कोण, किती आणि कुठे, हा उरलेला अर्धा.

हे समजून घ्यायला गोठ्याइतकी चांगली जागा नाही. म्हैस किंवा गाय माजावर आली हे मालकाला न सांगता कळते : ती हंबरते, वैरणीवरून मन उडते, दूध कमी होते, काचेसारखा स्वच्छ सोट गळतो, दुसऱ्या जनावरावर चढते किंवा चढू देते. साधारण २१ दिवसांनी येणारा हा माज अंडाशयातल्या इस्ट्रोजेनचा परिणाम. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असे पशुवैद्य सांगतात, कारण बीज माज संपल्यानंतर सुटते. म्हशीत मात्र मुका माज ही मोठी डोकेदुखी आहे. आत सारे चक्र नीट चाललेले असते, बाहेर वागण्यात फारसे काही दिसत नाही, आणि उन्हाळ्यात तर जे दिसते तेही बहुधा रात्री. वेळ हुकली की तीन आठवडे वाया जातात. दूध विकून घर चालवणाऱ्याला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पान्ह्याची गोष्ट याहून बोलकी आहे. दूध कासेत आयते भरून ठेवलेले नसते. त्यातले बहुतेक वरच्या बारीक कोशांत असते आणि ते खाली उतरवावे लागते. वासराने ढुशी दिली, सडाला तोंड लावले, किंवा ओळखीच्या हाताने कास धुतली, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, रक्तातून कासेपर्यंत येते, कोशांभोवतीचे स्नायू आवळतात आणि मिनिटभरात पान्हा येतो. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो, म्हणून धार झरझर काढावी लागते. म्हशीच्या सडात आयते उतरलेले दूध गाईपेक्षाही कमी, म्हणून पान्हा चोरण्याची तक्रार म्हशींबाबत जास्त. वासरू मेले, धार काढणारा बदलला, गोठ्यात कुत्रे शिरले, कुणी काठी उगारली, की म्हैस पान्हा चोरते.

ती मुद्दाम चोरते का? याचे उत्तर १९४१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ईली आणि पीटरसन या दोघांनी दिले. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला; म्हणजे निरोप मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून येत होता. मग त्यांनी गाईला घाबरवले : पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा आटला. भीतीने सुटलेले अॅड्रेनालिन ऑक्सिटोसिनच्या आड येते. जनावर हट्ट करत नसते, ते घाबरलेले असते. काठीने पान्हा येत नाही, काठीनेच तो जातो, हे शरीरशास्त्राने सिद्ध केलेले आहे. वासरू मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभे करण्याची जुनी रीतही याच रसायनाला हाक मारण्याची होती. तिला चाटायला काहीतरी हवे असते.

ऑक्सिटोसिन बाटलीत आले तेव्हा या जाणतेपणाला आडवाट मिळाली. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे हे औषध जगभर जीव वाचवते. पण तेच रोज दोन वेळा म्हशीला टोचून धार काढण्याची वाईट चालही आपल्याकडे पडली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आयात बंद केली आणि खासगी उत्पादनही थांबवायचा निर्णय घेतला. औषध बाळंतिणींना मिळेनासे होईल या चिंतेतून प्रकरण न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय रद्द केला. एकाच रेणूत बाईचा जीव आणि जनावराचा छळ अशा दोन्ही शक्यता असतात, हे धोरण ठरवणाऱ्यांना विसरता येत नाही.

शेळ्यांच्या बाबतीत वेळेचा हिशोब आणखी काटेकोर. व्यायल्याबरोबर करडू उचलून नेले आणि काही तासांनी परत आणले, तर आई त्याला शिंगाने ढकलून देते. पण आधी पाचच मिनिटे ते तिच्याजवळ राहिले, तिने त्याला हुंगले-चाटले, तर नंतरच्या ताटातुटीनंतरही ती त्याला ओळखून पाजते. हे १९६० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. प्रसूतीच्या वेळी उसळलेली संप्रेरके आईच्या मेंदूला थोडा वेळ मोकळे करतात. त्या वेळात कुणाचा वास नाकात भरतो, यावर ती कुणाची आई होणार हे ठरते. संप्रेरकाने दार उघडले, आत कोण आले ते परिस्थितीने ठरवले.

आता बैल. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावची यात्रा भरते. तिचा गुरांचा बाजार दूरवर नावाजलेला आहे. तिथे बैल पारखणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, आणि स्वभाव पाहतो. ज्याला जूं मानवते असा बैल मुळात खच्ची केलेला असतो. वळूचा गुरगुराट आणि बैलाचा सोशिकपणा यांत वृषणाचा हात आहे, हे शेतकऱ्याला हजारो वर्षे ठाऊक होते. तो हात रक्तातून पोचतो हे मात्र १८४९ मध्ये गटिंगेनच्या आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी दाखवले. त्यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. वृषण काढलेले कोंबडे आरवेनात, भांडेनात, तुरा फिका पडला. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवले ते मात्र आरवले, भांडले, कोंबड्यांच्या मागे लागले, जरी तिथे जुने मज्जातंतू जोडलेले नव्हते.

तरीही एवढ्यावर निकाल देता येत नाही. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बोक्यांवर झालेल्या अभ्यासात आढळले, की ज्या बोक्यांना खच्ची होण्याआधी मादीचा अनुभव होता, त्यांच्यातले अनेक खच्ची झाल्यावरही दीर्घकाळ तसेच वागत राहिले; ज्यांना अनुभव नव्हता त्यांच्यात ते वागणे फारसे दिसलेच नाही. शरीराने एकदा शिकलेले संप्रेरक निघून गेल्यावरही मागे उरते.

आणि निरोप फक्त आतून बाहेर जात नाही, बाहेरूनही आत येतो. बुद्धिबळाच्या सामन्यांत जिंकणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढलेले सापडले, म्हणजे बसल्या जागी मिळालेल्या विजयानेही ते वाढते. फिलिपीन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २०११ मध्ये निष्कर्ष आले. जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन बऱ्यापैकी उतरले, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ बाळाचे करत त्यांचे सर्वांत खाली होते. पुरुषाचा स्वभावच तसा, मुलांचे करणे त्याच्या रक्तात नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा. मूल मांडीवर घेतले की रक्तही बदलते.

माणसाविषयी बोलताना सर्वांत जपून राहावे लागते, कारण इथे संप्रेरकांचे नाव शिवीसारखे वापरले जाते. बाई चिडली, हार्मोन्स. सून रडली, हार्मोन्स. मराठीत शरीराबद्दल उघड आणि शास्त्रशुद्ध बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून पाडली, तरी हा तिरकस सूर अजून गेलेला नाही. पाळीआधीच्या तीव्र मानसिक त्रासावर १९९८ मध्ये अमेरिकेत एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांची अंडाशयाची संप्रेरके औषधाने थांबवून मग सारख्याच मात्रेत परत दिली गेली. ज्यांना आधी त्रास होता त्यांनाच तो पुन्हा झाला. बाकीच्यांना काही झाले नाही. म्हणजे संप्रेरक कुणातच ‘जास्त’ नव्हते. काही स्त्रियांचा मेंदू नेहमीच्या चढउतारालाच वेगळा प्रतिसाद देतो. तो त्रास खरा आहे, त्यावर उपचार आहेत, आणि उरलेल्या सगळ्या बायकांच्या रागाला त्यांची स्वतःची कारणे आहेत.

शहापूर तालुक्यातल्या बायकांपाशी तर अशी कारणे भरपूर आहेत. १८९२ पासून तानसा, मग मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईची तहान मुख्यतः याच डोंगरदऱ्या भागवतात. आणि चैत्र-वैशाखात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी. डोक्यावर हंडे घेऊन उन्हात चालणाऱ्या बाईच्या शरीरात व्हॅसोप्रेसिन वाढते. ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगते, तर मेंदू तहान चेतवतो. हे व्हॅसोप्रेसिन ऑक्सिटोसिनचे सख्खे भावंड, नऊ अमिनो आम्लांपैकी फक्त दोन वेगळी. हेच रेणू अमेरिकेतल्या माळरानी उंदरांच्या जोडीने राहण्याशी जोडले गेले आणि वर्तमानपत्रांनी ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणून टाकले. २०२३ मध्ये दिसले, की ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले हे उंदीरही जोड्या जमवतात. जीवसृष्टीत एकाच कामाला अनेक वाटा असतात. शरीर पाणी राखते एवढेच व्हॅसोप्रेसिन सांगते. हंडा घेऊन किती लांब जावे लागते, हे मात्र नळयोजना आणि धोरण ठरवते.

भुकेचेही तसेच. १९४४-४५ मध्ये मिनेसोटातच अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने अर्धपोटी ठेवले. त्यांचे सुमारे पाव वजन घटले. चांगली शिकलेली, हसतमुख माणसे सुस्त, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली. चरबी घटली की चरबीतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, हे १९९४ नंतर कळले. थायरॉइडचा जोरही उतरतो आणि शरीर खर्च आवरते. खेळणे, बोलणे, प्रश्न विचारणे हे सगळे खर्चाचे काम. कातकरी, ठाकूर, वारली पाड्यांवरचे किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेले एखादे मूल अंगणवाडीत गप्प बसून राहते तेव्हा त्याला ‘शांत’ किंवा ‘मठ्ठ’ ठरवण्याआधी त्याचे वजन पाहावे. त्याच्या वागण्यात भूक बोलत असते.

किशोरवयाचा प्रश्न आश्रमशाळांत रोज समोर येतो. या वयात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागते, झोप पुढे सरकते. मुले मुद्दाम जागत नाहीत, पण घंटा मात्र सगळ्यांसाठी पहाटेच होते. घरापासून लांब, नव्या शरीरात, नव्या भावनांसह राहणाऱ्या या मुला-मुलींशी कुणी नीट बोलावे यासाठी शिक्षकालाही हा विषय साधेपणाने समजलेला असायला हवा.

पुढच्या प्रकरणांची रचना याच क्रमाने आहे : आधी ऋतू आणि प्रजनन, मग आई-पिल्लू, त्यानंतर नर आणि स्पर्धा, भीती आणि ताण, भूक आणि तहान, शेवटी वयात येणे आणि वार्धक्य. ताणाच्या प्रकरणात रानातले दाखलेही आहेत. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेत पर्यटनाच्या हंगामात ताणाच्या संप्रेरकांचे अंश वाढलेले आढळले, आणि ते मोजण्यासाठी वाघाला हातही लावावा लागला नाही. तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळ्याची नोंद झाली. असा दुर्मीळ पक्षी जिथे नांदतो तिथल्या जंगलाला किती वर्दळ सोसते, हे विचारण्याचे साधन आता हाताशी आहे.

प्रत्येक प्रकरण वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. संप्रेरकामुळे वागणे बदलले, की वागण्यामुळे संप्रेरक? दोन्हींच्या मागे पाऊस, भूक किंवा भीती असे तिसरेच काही होते का? उंदरात किंवा बोक्यात दिसलेले माणसाला लागू करताना मध्ये काय गळले? गोठ्यात, खाचरात, अंगणवाडीत आणि आश्रमशाळेत काम करणाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे आपापल्या नोंदींनी द्यावीत : वलगण कोणत्या तारखेला लागली, म्हशीचा माज कोणत्या महिन्यात चुकला, कुठल्या बदलानंतर ती पान्हा द्यायला लागली. शहापूर-मुरबाडमध्ये हे पाहणारे डोळे पिढ्यानपिढ्या आहेत. आता वहीत तारीख आणि पावसाचे माप लिहिण्याची सवय तेवढी लागायला हवी, म्हणजे या विषयाची पुढची आवृत्ती त्यांच्या आकड्यांवर उभी राहील.